हिरालालजी मधूनच उठले

भावनाने 'पिठाची गिरणी' या शब्दांवर काट मारली आणि वर लिहिलं, 'तेलघाणी'. मग गावाचं नाव सिंदी खोडून केळझर केलं. सुलोचनाबाईंच्या जागी नुसतं 'प्रतिवादी' आलं, शेजारच्या किराणा दुकानदाराच्या जागी 'वादी'. भिंतीचं मात्र काय करावं ते तिला सुचेना. भिंत काढली तर दावाच उरत नव्हता, म्हणून भिंत तशीच राहिली.

जाम गावच्या चौरस्त्यावरच्या एका हॉटेलात, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, चौथ्या शनिवारची सुट्टी साधून जिल्हाभरातले दिवाणी वकील जमले होते. प्रतिवादीची बाजू कशी लढवावी, यावर दिवसभराचं शिबिर होतं. सकाळी तर्री-पोहे झाले, ओळखीपाळखी झाल्या, नागपूरहून आलेल्या ज्येष्ठ वकिलांचं उलटतपासावर व्याख्यान झालं. खालून जाणाऱ्या ट्रकांनीही जमेल तिथे हॉर्न वाजवून व्याख्यानात आपली भर घातली. आता गट पाडून सराव चालला होता. प्रत्येकाने आपला एक चालू दावा घ्यायचा, नाव-गाव बदलायचं आणि समोरच्या साक्षीदाराला कसं घेरणार ते गटापुढे मांडायचं.

नाव-गाव बदलायचं, ही त्यातली खरी गंमत. जिल्हा तो केवढा, त्यात दिवाणी वकील ते किती! कुणाची भिंत कुणाच्या अंगणात शिरली आहे, कुणाच्या शेताच्या धुऱ्यावरून कुणाची बैलबंडी जाते, हे इथे सगळ्यांना घरच्यासारखं ठाऊक. तरी मंडळी मोठ्या गांभीर्याने गावांची नावं बदलत होती.

भावना सेलूच्या कोर्टात वकिली करायची. घराण्यातली पहिली वकील. आजवर तिने तारखा घेतल्या होत्या, अर्ज दिले होते, लहानसहान साक्षीदार तपासले होते. सोमवारी मात्र तिच्यापुढे एक इंजिनिअर उभा राहणार होता, आणि त्याला पाडलं नाही तर सिंदीच्या सुलोचनाबाईंची गिरणी कायमची बंद होणार होती. गिरणीच्या हादऱ्याने आपली भिंत फाटली, असं शेजाऱ्याचं म्हणणं. त्याला भरपाई हवी होती आणि गिरणी हटवून हवी होती. नवऱ्यामागे सुलोचनाबाईंनी त्या गिरणीवर घर चालवलं होतं. भावनाने प्रश्नांची तयारी कसून केली होती. ती बरोबर आहे, असं एखाद्या जाणत्याच्या तोंडून ऐकायची तिला फार इच्छा होती.

आणि तिच्याच गटात हिरालालजी आले होते. वर्ध्याचे जुने वकील. त्यांचा उलटतपास असला की नवे वकील मागच्या बाकांवर येऊन बसत. सकाळी पोह्यांच्या रांगेत त्यांनी तिला नाव विचारलं होतं, मग आडनाव, मग गाव. तिने तिन्ही सांगितली होती. गटात बाकी तिचा कॉलेजचा मित्र निकेश होता, हिंगणघाटचा, आणि आर्वीचे दोघे.

तिची पाळी आली. ती उभी राहिली.

"प्रतिवादीची तेलघाणी आहे. शेजारी वादीचं दुकान. मधली भिंत दोघांची. भिंतीला भेग पडली. वादीने दावा चालू असताना इंजिनिअर आणून भिंत दाखवली. तो इंजिनिअर शपथेवर म्हणतो, मी तान्ह्या पोळ्याच्या दुपारी तिथे गेलो, भिंतीला तळहात लावला आणि मला हादरा जाणवला."

आतापर्यंत मागे टेकून बसलेले हिरालालजी सरळ झाले.

"तेलघाणी म्हणता?"

"हो सर."

त्यांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. पेनाला टोपण लावलं, खुर्ची मागे सारली आणि एक शब्द न बोलता दाराकडे चालू लागले. हॉल लांबलचक होता. त्यांची पाठ दूर जाताना दिसत होती आणि भावना बोलतच होती. थांबली असती तर अपमान उघड झाला असता, म्हणून ती आणखी भरभर आणि आणखी मोठ्याने बोलत सुटली. त्या आठवड्यात प्रतिवादीच्या घाणीची मोटार जळाली होती. वाइंडिंगसाठी ती नागपूरला गेली होती, ती गणपतीच्या आदल्या दिवशी परत आली. पोळ्याचं दळण गल्लीतल्या बायकांना दुसरीकडे न्यावं लागलं होतं, असंही ती भरात बोलून गेली; तेलघाणीत दळण कुठलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. वाइंडिंगवाला साक्षीला यायला तयार आहे. म्हणजे इंजिनिअरच्या हाताला जो हादरा जाणवला, तो बंद मशीनचा. आधी त्याला हाताच्या गोष्टीत पक्कं अडकवायचं, मागे फिरायला जागा ठेवायची नाही, आणि मगच मोटार काढायची.

आर्वीच्या दोघांनी टेबलावर हात आपटून दाद दिली. निकेश म्हणाला, "वा!" भावना खाली बसली तेव्हा रिकामी खुर्ची तिच्या समोरच होती.

तिला वाईट वाटलं. राग नंतर आला. आपण बोलायला लागलो की ज्यांना अचानक तहान लागते, फोन आठवतो, अशी माणसं तिने कॉलेजात पाहिली होती, बार रूममध्येही पाहिली होती. आडनाव कळेपर्यंत हसून बोलणारी आणि कळल्यावर घड्याळ पाहणारी माणसं तर तिच्या वडिलांनीही पाहिली होती. पण हिरालालजींबद्दल तिला तसं वाटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

जेवणाच्या वेळी ती निकेशजवळ बोललीच.

"पाहिलं ना? माझं सुरू झालं अन् उठले. निदान ऐकून तरी घ्यायचं."

"अवं, त्याईचं काय घेऊन बसली." निकेशने वांग्याची भाजी आणखी वाढून घेतली. "तसंही आता तुले त्याईच्यासमोरच उभं राह्याचं हाय. तुह्या त्या सिंदीच्या गिरणीच्या केसमध्ये काल सायंकाळी त्याईनं वकीलपत्र दिलं. तुले मालूम नाई?"

भावनाने ताट खाली ठेवलं.

"कोणी?"

"हिरालालजीनं. वादीचे आधीचे वकील सरकारी वकील झाले ना, त्याईनं सगळ्या फायली वाटून देल्या. ही याईच्याकडे आली. मी काल कामानं सेलूलेच गेलतो, तिथं कळलं."

"मग मले आधी काऊन नाई सांगितलं?"

"आता सांगून राह्यलो ना."

"निकेश, मी आत्ता सकाळी तीच केस सांगितली. सगळी. त्यांच्यासमोर."

निकेशने घास थांबवून तिच्याकडे पाहिलं. "ते त तेलघाणीची होती ना?"

भावनाने कपाळाला हात लावला. नाव-गाव बदलून तिने सख्ख्या मित्राला तेवढं फसवलं होतं. ज्याच्यापासून लपवायचं, त्याने आदल्या रात्री फाईल वाचली असणार, आणि तळहात लावणारा इंजिनिअर जिल्ह्यात एकच होता. तान्ह्या पोळ्याचं ऐकलं आणि त्यांनी ओळखलं. ओळखलं म्हणूनच उठले. म्हणजे तिच्या बोलण्याचा कंटाळा येऊन नाही, तर ऐकू नये म्हणून.

ही गोष्ट डोक्यात शिरली तेव्हा तिला क्षणभर फार बरं वाटलं. पण क्षणभरच. कारण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. ते दाराबाहेर पडेपर्यंत आपण कुठवर पोचलो होतो?

तिने गटातल्या सगळ्यांना गाठून विचारलं. दिवसचे दिवस साक्षीदारांच्या स्मरणशक्तीची चिरफाड करणारी ही मंडळी! निकेश म्हणाला, मोटारीच्या आधीच ते बाहेर गेले होते, दार वाजल्याचं त्याला पक्कं आठवतं. आर्वीचे एक जण म्हणाले, छे, पोळ्याच्या दळणापर्यंत ते दारातच उभे होते. दुसऱ्यांना हिरालालजी उठल्याचंच आठवत नव्हतं. भावनाने स्वतःला विचारून पाहिलं, तर तिलाही फक्त एक लांब जाणारी पाठ आठवत होती.

मोटारीची गोष्ट त्यांच्या कानावर पडली असेल, तर खेळ संपला होता. इंजिनिअरला एक वाक्य सांगायचा अवकाश. 'तारीख लिहिण्यात चूक झाली, मी गणपतीनंतर गेलो होतो.' एवढं तो साक्षीच्या सुरुवातीलाच बोलला, की भावनाच्या तयारीचं पीठ झालं.

दुपारच्या चहाला हिरालालजी वर आले. एवढा वेळ ते खाली कुठे होते कोण जाणे, चेहरा उन्हाने लाल झाला होता. कप घेऊन ते सरळ तिच्याकडेच आले.

"मॅडम, सोमवारी सेलूले भेटू आपण."

"हो सर. मला आत्ता जेवताना कळलं."

"हं." त्यांनी चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली असावी, तरी ढवळत राहिले.

"तुम्ही मधूनच गेलात," भावना म्हणाली.

"जा लागलं."

पुढे काय विचारायचं? 'सर, मोटारीचं ऐकलंत का?' असं विचारलं आणि त्यांनी ऐकलेलं नसलं, तर तिने आपल्या हाताने मोटार त्यांच्या कपात टाकली असती. 'कुठवर ऐकलंत?' असं विचारलं, तर पुढे ऐकण्यासारखं काही होतं हे कळलं असतं. तिने आडूनही विचारून पाहण्याचा विचार केला, पण समोर उलटतपासात हयात गेलेला माणूस होता. आणि त्यांनाही तिला काही सांगता येत नसावं. 'काळजी करू नका' म्हणाले असते तर काळजीचं कारण त्यांना माहीत आहे, असा अर्थ झाला असता. दोघं शेजारी उभी राहून खिडकीतून रस्त्याकडे पाहत राहिली.

"संत्रं यंदा बारीक हाय," हिरालालजी म्हणाले.

"हो ना," भावना म्हणाली.

रविवारी ती सिंदीला गेली. सुलोचनाबाईंना सांगून टाकायचं, असं ठरवून गेली होती. गिरणी सुरू होती. बाईंच्या भुवयांवर, पापण्यांवर पीठ बसलं होतं. पट्टा थांबवून त्यांनी आधी खुर्ची पुसली, मग चहा ठेवला.

"उद्या तो इंजिनेर येते म्हणता?"

"येतो म्हणाले."

"तुम्ही त्याले बराबर पकडसान. मी त सगळ्याइले सांगून ठेवलं हाय, आपली मॅडम सोडत नाई म्हणून."

भावना चहा प्यायली. सांगायचं वाक्य तिने गाडीवर येताना जुळवून ठेवलं होतं, ते तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. या बाईने सगळा भार आपल्यावर टाकून रात्रीची झोप मिळवली आहे, ती आज आपण का काढून घ्यावी? तिला स्वतःची लाज वाटली आणि हिरालालजींची भीती वाटली. "होईल नीट," असं म्हणून ती उठली.

सोमवारी दाव्याचा पुकारा झाला. इंजिनिअर पिंजऱ्यात उभा राहिला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, शपथ घेताना आवाज खणखणीत. त्याची लेखी साक्ष आधीच दाखल होती. आता वादीच्या वकिलाला त्यात काही दुरुस्ती करायची, काही भर घालायची, तर ती हीच वेळ होती.

"हिरालालजी, आपण या दाव्यात नवीन आहात," न्यायाधीश म्हणाले. "तारीख हवी आहे का?"

"नको सर. साक्षीदार हजर आहे."

"साक्षीदाराला आणखी काही विचारायचं आहे?"

भावनाने टेबलाची कड धरली. हिरालालजी उठले, त्यांनी इंजिनिअरकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं भावनाला वाटलं. इंजिनिअरने मान हलवली.

"काही नाही सर. उलटतपास घ्यावा."

भावनाच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. ती उभी राहिली.

"तुम्ही भिंतीला हात लावलात, तेव्हा गिरणी सुरू होती?"

"सुरू होती म्हणून तर हादरा जाणवला."

"हे तुम्ही कुणाचं ऐकून सांगत नाही ना?"

"नाही. माझ्या हाताचा अनुभव आहे."

"गिरणीचा आवाज येत होता?"

"चांगला मोठा येत होता."

"तो दिवस तान्ह्या पोळ्याचाच होता, याबद्दल काही शंका?"

"शंका कशाला? रस्त्यात पोरं लाकडी बैल घेऊन फिरत होती. गाडी काढायला त्रास झाला मला."

याहून पक्कं कुणी स्वतःला बांधून घेतलं नसतं.

"माझं म्हणणं असं आहे, की त्या दिवशी गिरणीची मोटार जळून नागपूरला वाइंडिंगला गेली होती. तान्ह्या पोळ्याला गिरणी बंद होती."

इंजिनिअरने आधी वादीकडे पाहिलं. वादी टोपी काढून डोकं खाजवत होता. मग त्याने हिरालालजींकडे पाहिलं. हिरालालजी समोरच्या फाईलकडे बघत बसले होते. ना दचकले, ना त्यांनी मान वर केली. भावनाने हे पाहिलं.

"दुसरी मोटार लावली असेल," इंजिनिअर म्हणाला.

"तुम्ही पाहिली?"

"मी गिरणीत गेलोच नव्हतो. दुकानाच्या बाजूनंच पाहिलं."

न्यायाधीशांनी ते वाक्य टंकलेखकाला सावकाश, शब्दशः सांगितलं. भावना खाली बसली.

"आपल्याला पुन्हा काही विचारायचं आहे?" न्यायाधीशांनी हिरालालजींना विचारलं.

"नाही सर."

बाहेर व्हरांड्यात सुलोचनाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "झालं का हो मॅडम?" त्यांनी विचारलं. भावना म्हणाली, निकाल यायला वेळ आहे, वाइंडिंगवाल्याची साक्ष व्हायची आहे, पण आजचं झालं. फार चांगलं झालं. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. भावनाला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू.

बार रूममध्ये हिरालालजी एकटेच होते. कोट काढून खुर्चीला लावला होता आणि डबा उघडत होते.

"सर, आता विचारलं तर चालेल?"

"विचारा. आता त सगळं रेकॉर्डवर आलं."

"शनिवारी तुम्ही कुठवर ऐकलं होतं?"

हिरालालजींनी पोळीचा तुकडा मोडला. "मोटार नागपूरले गेली, इथवर. दाराशी पोचलो होतो मी. पण तुमचा आवाज मोठा हाय, मॅडम."

भावना समोरच्या बाकावर बसली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही साक्षीदाराला..."

"त्याले काल घरी बोलावलं. म्हटलं, बाबू, खरंच हात लावला होता का? नसंन लावला त सांग, अजून टाइम हाय, आपण तेवढं मागे घेऊ. तो म्हणे, लावला होता. पुन्हा विचारलं, नीट आठवून पाय म्हटलं. तो म्हणे, तुम्हाले माह्यावर भरोसा नाई का? आज पिंजऱ्यात होता, तवाही मी त्याच्याकडे पाह्यलं. त्यानं मान हलवली. मंग मी काय करू?"

"मोटारीचं नाही बोललात त्याच्याजवळ?"

"ते मले माह्या पक्षकारानं कुठं सांगितलं होतं?" ते जरा चिडूनच म्हणाले, जणू हे विचारायची गोष्टच नव्हती. "ते मले तुम्ही सांगितलं होतं. तिथं आपण शिकाले बसलो होतो."

बाहेर कुणीतरी त्यांच्या पक्षकाराची समजूत घालत होतं. पक्षकाराचा चढलेला आवाज खिडकीतून आत येत होता आणि त्यात हिरालालजींचं नावही येत होतं. त्यांनी तिकडे मान वळवली नाही. डब्यातली भाजी झाकणात काढून त्यांनी झाकण तिच्याकडे सरकवलं.

"खा. सकाळपासून काही खाल्लं नसंन तुम्ही."

भावनाने खरंच काही खाल्लं नव्हतं. ती मुकाट्याने खाऊ लागली.

"पुढचं शिबिर सेलूले घेऊन राह्यले म्हणते," हिरालालजी म्हणाले. "तुम्ही त्या कमिटीत हाय ना. एक काम करा. गट पाडसान, तवा मले बाहेरच बसवा. मले अजून चांगलं ऐकू येते."